उतरलेली पट्टी

रात्री बाराच्या पुढे कधीतरी थ्री फेज येते आणि मोटर सुरू होते. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या शिवारात शेतीची लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रपाळीच्या आठवड्यात मी मळ्यातल्या खोलीवरच मुक्काम करतो. ऑटो बसवलेला आहे, मोटर आपोआप उचलते, पण केळीच्या एका प्लॉटचा वॉल्व्ह बंद करून दुसऱ्याचा उघडायला माणूस लागतोच. दोन वॉल्व्हच्या मधले जे अडीच-तीन तास असतात, त्यात माझं दुसरं काम चालतं. सत्तरी-ऐंशी गाठलेल्या रॉक संगीतकारांचे नवे अल्बम ऐकायचे आणि त्यांची परीक्षणं लिहायची.

संगीतावरच्या एका छोट्या मराठी मासिकासाठी मी हे गेली काही वर्षं करतोय. परीक्षण ८०० शब्दांचं. मानधन नाही, अंक घरी येतो. पण या ८०० शब्दांसाठी माझे पंधरा-वीस दिवस जातात, आणि ते कसे जातात हे एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात भुसावळपासून करावी लागेल. माझे वडील रेल्वेत फिटर होते, माझं लहानपण क्वार्टरमध्ये गेलं. भुसावळला तेव्हा अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. आमच्या भिंतीला भिंत लागून जे अंकल राहत, ते मेल गाडीचे ड्रायव्हर. त्यांच्याकडे परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट होत्या. संध्याकाळी आमच्याकडे वडिलांची भजनी मंडळी जमायची, पेटी, पखवाज, टाळ, आणि भिंतीच्या पलीकडे डीप पर्पल हा रॉक बँड. दोन्ही आवाज मला एकाच वेळी ऐकू यायचे आणि त्यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलंच नाही.

१९८५ च्या सुमारास अंकलनी मला जेथ्रो टल या बँडची एक कॅसेट दिली. तिच्यात 'लिव्हिंग इन द पास्ट' हे १९६९ चं गाणं होतं. ते लागलेलं असताना वडील ड्यूटीवरून आले, बूट सोडता सोडता थांबले, आणि त्यांची बोटं मांडीवर मोजू लागली. गाणं संपल्यावर म्हणाले, "पाचाचं आहे. झपतालाचा अर्धा." इंग्रजीचं अक्षर न कळणाऱ्या माणसाने ते गाणं माझ्या आधी ओळखलं होतं. रॉक संगीत मोजून ऐकायचं असतं हे मला तिथे कळलं. पुढे पिंक फ्लॉइड या बँडच्या 'मनी' या गाण्यात सात मात्रा सापडल्या, आणि गिटारचा सोलो सुरू झाला की तेच गाणं चारात उतरतं हेही सापडलं, ते बोटांवर मोजूनच.

वडील काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून गायचे. भजनाला ती पट्टी चढीच, पण मोकळ्या पटांगणात, लाउडस्पीकर नसताना तीच पोचते. पन्नाशीनंतर ते काळी तीनवर आले, निवृत्तीनंतर सावद्याला राहायला आले तेव्हा काळी दोनवर. माझ्याकडे त्यांच्या दोन कॅसेट आहेत, एक १९८६ ची, दुसरी २००५ ची. दोन्हींत एकच अभंग आहे. पहिल्या कॅसेटमध्ये ते वरच्या षड्जावर जाऊन उभे राहतात आणि टाळकरी खाली वाजवत राहतात. दुसरीत त्याच षड्जाला नुसते शिवून परत येतात. आणि फार बारकाईने ऐकलं तर आणखी एक गोष्ट कळते. पखवाजवाले काका, ज्यांनी चाळीस वर्षं त्यांना साथ केली, ते समेच्या आधी अगदी किंचित जागा सोडतात. वडिलांना श्वास घ्यायला. लय तुटत नाही, टाळकऱ्यांना समजतही नाही, पण ती जागा तिथे आहे. लोक म्हणायचे, बुवांचा आवाज गेला. मी ती दुसरी कॅसेट पहिलीपेक्षा जास्त वेळा ऐकली आहे.

परीक्षणं लिहायला लागलो तेव्हा मात्र यातलं काही माझ्या लक्षात राहिलं नाही.

२०२१ मध्ये येस या बँडचा 'द क्वेस्ट' आला. येस म्हणजे माझ्यासाठी १९७२ चा 'क्लोज टू द एज', तबकडीच्या एका बाजूला एकच गाणं, अठरा मिनिटांहून मोठं. मी परीक्षण लिहायला बसलो आणि लिहीत गेलो की नव्या अल्बममध्ये तो वेग नाही, ते धाडस नाही, बासचा तो गुरगुरता आवाज नाही. संपादकबाईंनी लेख परत पाठवला. सोबत दोन ओळी होत्या: यातला अर्धा लेख १९७२ वर आहे, नव्या अल्बमवर लिहा. मला राग आला. दोन दिवसांनी मी स्वतःच मोजलं. खरोखरच अर्ध्याहून जास्त मजकूर जुन्या अल्बमवर होता. आणि १९७२ चा तो अल्बम ज्या पाच जणांनी वाजवला, त्यांच्यापैकी नव्यात एकटा गिटारवाला स्टीव्ह हाउ होता. बासवाला ख्रिस स्क्वायर २०१५ मध्येच गेला होता. जो माणूस हयात नाही त्याच्या बासचा आवाज नाही म्हणून मी नव्या लोकांना बोल लावत होतो.

त्याच आठवड्यात आमच्या पिलबागेची कापणी होती. ज्यांचा केळीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्यांदा लावलेल्या बागेतला माल तो नवती. तिची कापणी झाल्यावर त्याच खोडाच्या पिलापासून जी बाग धरतात ती पिलबाग. आमच्याकडे नवतीचा भाव वेगळा निघतो, पिलबागेचा वेगळा, आणि टाकाऊ मालाचा म्हणजे वापसीचा वेगळा. पिलबागेचा घड बघताना कोणी व्यापारी नवतीचं माप लावत नाही. पण पिलबाग आहे म्हणून वापसीचा माल गाडीत भरूनही घेत नाही. फणी उचलतो, बोटांची लांबी बघतो, डाग बघतो आणि पिलबागेच्या भावात बसते का ते सांगतो. मी केळीच्या फण्या उचलून देत होतो आणि डोक्यात 'द क्वेस्ट' चालू होता. घरी येऊन मी लेख पहिल्यापासून लिहिला. हाउ तेव्हा ७४ वर्षांचा होता, त्याची गिटार आता काय करते एवढंच बघितलं. तो कमी सुर वाजवतो, सुरांच्या मधल्या जागा मोठ्या ठेवतो, आणि काही ठिकाणी या जागा भरायला ऑर्केस्ट्रा आणला आहे तो मला अनाठायी वाटला. लेखात १९७२ चा उल्लेख एकदाच आला.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळतो. पहिल्यांदा ऐकताना वही जवळ ठेवत नाही. कंपनीचं प्रसिद्धीपत्रक वाचत नाही, कारण त्यात प्रत्येक अल्बम गेल्या तीस वर्षांतला सर्वोत्तम असतो, आणि ते एकदा डोक्यात गेलं की मी एकतर मान डोलावतो किंवा भांडत बसतो. दुसऱ्यांदा ऐकताना वही घेतो आणि फक्त वेळ व जे ऐकू आलं ते लिहितो. 'चार मिनिटं दहा, ढोल थांबले, श्वास ऐकू येतो' अशा नोंदी. मत नाही. तिसऱ्यांदा गाण्याचे शब्द समोर ठेवून. त्या कलावंताचे जुने अल्बम मी पहिला खर्डा होईपर्यंत लावत नाही. हे सगळ्यात कठीण. जुनं लावावं असं फार वाटतं, आणि लावलं की वाक्यं आपोआप सुचायला लागतात, सगळी तक्रारीची.

मोबाइलवर ऐकून एकदा एका अल्बमचे ढोल पातळ आहेत असं लिहून बसलो होतो, नंतर सीडी मिळाली तेव्हा ढोल व्यवस्थित होते. तेव्हापासून खर्ड्याआधी एकदा तरी घरच्या मोठ्या स्पीकरवर ऐकतो, आणि एकदा भुसावळला जाता-येता गाडीत. संगणकावर गाण्याचा आलेखही बघतो. गाण्यातला हळू भाग आणि मोठा भाग त्यात टेकड्यांसारखे दिसायला हवेत. आवाज दाबून सगळंच मोठं केलेलं असेल तर सरळ वीट दिसते. जुन्या संगीतकारांच्या नव्या अल्बममध्ये वीट दिसली की मला फार वाईट वाटतं. हळू वाजवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं हळूपणच त्यात पुसून टाकलेलं असतं.

दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती, आणि ती छापून आली.

जानेवारी २०२२ मध्ये जेथ्रो टलचा 'द झेलट जीन' आला, २००३ नंतरचा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम. त्यांचा गायक आणि बासरीवादक इयन अँडरसन तेव्हा ७४ वर्षांचा. वहीतल्या माझ्या नोंदी बरोबर होत्या: बासरीचे तुकडे आखूड, गाताना ओळीच्या शेवटी सूर लवकर सोडतो, बराच भाग गाण्यापेक्षा बोलण्याजवळचा. पण परीक्षण लिहिताना मी त्यापुढे गेलो. मी लिहिलं की अँडरसनने कष्ट घेतलेले नाहीत, सराव कमी पडलेला दिसतो, एवढ्या मोठ्या वादकाकडून हा आळस अपेक्षित नव्हता. लिहिताना मला स्वतःच्या परखडपणाचा आनंदही झाला होता, हे कबूल करतो.

महिन्याभराने धुळ्याहून एका वाचकाचं पत्र आलं. ते छातीच्या विकारांचे डॉक्टर. पत्र शांत होतं. त्यांनी लिहिलं होतं की अँडरसनने २०२० मध्ये एका मुलाखतीत जाहीरपणे सांगितलं आहे की त्याला सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट अडथळ्याचा आजार आहे, आणि पन्नास वर्षं स्टेजवर धुराच्या यंत्रांमध्ये उभं राहिल्यामुळेही तो झाला असावा असा त्याला संशय आहे. पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की या आजारात हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं अवघड होतं, श्वासनलिका अरुंद होतात, हवा आत अडकते आणि पुढचा श्वास भरायला जागा राहत नाही. बासरी वाजवणं म्हणजे बाहेर सोडलेल्या हवेवर पूर्ण ताबा. 'तुम्हाला जे ऐकू आलं ते अचूक होतं,' त्यांनी लिहिलं होतं, 'त्याचं कारण मात्र तुम्ही मनाने लावलंत.'

ते पत्र मी अजून वहीत ठेवलं आहे. त्या रात्री मळ्यात मी आधी वडिलांची २००५ ची कॅसेट लावली आणि मग 'द झेलट जीन'. दोन्ही पाठोपाठ ऐकल्यावर मला लाज वाटली. ज्या मुलाने पखवाजाने सोडलेली जागा ओळखली होती, त्याला ही जागा ओळखता आली नव्हती. अल्बममध्ये ती सगळीकडे होती. बासरीचा तुकडा संपतो तिथे लगेच दुसरं कोणी घाईने आत येत नाही. सोबतचे लोक थांबतात, मग हलकेच उचलतात. मी त्याला वाद्यवृंदाचा ढिलेपणा समजलो होतो.

पुढच्या अंकात मी खुलासा दिला. पण त्यात मी आजाराच्या नावाखाली सगळं माफ केलं नाही, आणि त्यावर संपादकबाईंशी बरंच बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, एवढं कळल्यावर आता टीका कशाला. माझं म्हणणं, श्वास आखूड आहे ही टीका मी मागे घेतो असं नाही, कारण तो आखूड आहेच. आळस हा शब्द मागे घेतो. आणि काही गाण्यांत शब्दांची गर्दी एवढी आहे की निरोगी माणसालाही श्वास पुरणार नाही, तिथे दोष लिहिणाऱ्याचा आहे आणि लिहिणाराही तोच आहे. हे तिन्ही मुद्दे छापले गेले. तेव्हापासून ऐकलेलं आणि मी लावलेलं कारण या दोन गोष्टी मी वहीत दोन वेगळ्या पानांवर लिहितो. कारणाचं पान बहुतेक वेळा कोरं राहतं.

२०२३ हे वर्ष मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं, ते पीटर गॅब्रिएलमुळे. त्याने 'आय/ओ' हा अल्बम एकदम न आणता दर पौर्णिमेला एक गाणं असा वर्षभर आणला. पहिलं गाणं ६ जानेवारीला आलं, ती पौष पौर्णिमा. मी घरातल्या पंचांगावर पेन्सिलीने खुणा केल्या. त्या वर्षी अधिक श्रावण होता, त्यामुळे नोव्हेंबरअखेरीलाच बारा पौर्णिमा भरल्या आणि १ डिसेंबरला बारा गाण्यांचा अल्बम आला. इंग्लंडमधल्या माणसाने चंद्र बघून ठरवलेलं वेळापत्रक आमच्या सणावारांवर अचूक बसत गेलं. 'सो मच' हे गाणं गुरुपौर्णिमेला आलं. वय वाढतं आहे आणि करायचं अजून कितीतरी उरलं आहे, असं सांगणारं. 'अँड स्टिल' हे आईवरचं गाणं आलं २८ ऑक्टोबरला, कोजागिरीला.

त्या कोजागिरीला चंद्रग्रहण होतं. वेध असल्यामुळे गावात दूध आटवायचं की नाही यावर चर्चा झाली, आमच्या घरी आटवलं नाही. मी मळ्यात होतो. मध्यरात्रीनंतर ग्रहण लागलं, चंद्राचा थोडासाच भाग झाकला जाणार होता, केळीच्या पानांवरचं चांदणं किंचित मळकं झालं. मी ते गाणं लावलं. गॅब्रिएल तेव्हा ७३ वर्षांचा. त्याच्या आवाजाला पूर्वीपासूनच एक खरखर होती, आता ती आवाजाच्या मध्यभागी आली आहे. आईची आठवण सांगताना तो सूर मोठा करत नाही. मधे सेलो येतो आणि तो जे बोलला नाही ते सेलो वाजवतो. मी माझ्या सवयीप्रमाणे वही उघडली होती, पण त्या रात्री तिच्यात फक्त तारीख लिहिली गेली. माझी आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. या गाण्याबद्दल परीक्षणात लिहिताना मी ही गोष्ट लिहिली नाही. वाचकाला गाण्याबद्दल सांगायचं होतं, माझ्या आईबद्दल नाही.

या अल्बमची दोन मुख्य मिक्स आहेत. ब्राइट-साइड मिक्स मार्क स्टेंटने केलं आहे, डार्क-साइड चॅड ब्लेकने. गाणी तीच, गायन तेच, पण कोणतं वाद्य पुढे ठेवायचं आणि कोणतं मागे, हे दोघांनी वेगळं ठरवलं. परीक्षण लिहायला शिकणाऱ्या कोणालाही मी सांगेन की यातलं एक गाणं घ्या आणि दोन्ही मिक्स पाच पाच वेळा ऐका. एकात आवाज खोलीच्या दारात उभा असल्यासारखा वाटतो, दुसऱ्यात कानाशी बसल्यासारखा. म्हातारा आवाज थकलेला वाटतो की जवळचा वाटतो, हे कितीतरी वेळा गाणारा नाही तर मिक्स करणारा ठरवतो. हे कळायच्या आधी मी जी परीक्षणं लिहिली, त्यांत 'आवाज थकलेला' हे शब्द अनेकदा आहेत. त्यातले किती खरे होते हे मी आता शपथेवर सांगू शकत नाही.

त्याच ऑक्टोबरात पूर्वी पिंक फ्लॉइडमध्ये असलेल्या रॉजर वॉटर्सने त्या बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम पुन्हा नव्याने रेकॉर्ड करून आणला. २००७ च्या फेब्रुवारीत मी भुसावळहून रात्रीची गाडी पकडून मुंबईला त्याचा कार्यक्रम ऐकायला गेलो होतो. तिथे त्याने हा अख्खा अल्बम वाजवला होता आणि मी पूर्ण वेळ उभा होतो. त्यामुळे नव्याबद्दल धाकधूक होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अर्ध्यात बंद केलं. गिटारचे सोलो काढून टाकलेले. मूळ अल्बममध्ये 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये क्लेअर टॉरीचा शब्दांविना आवाज आहे, ज्यासाठी लोक तो अल्बम जपून ठेवतात, तिथे वॉटर्स एका कवीमित्राच्या अखेरच्या दिवसांतला पत्रव्यवहार वाचून दाखवतो. खोल, खरखरीत, बोलल्यासारखा आवाज, सगळीकडे.

दुसऱ्यांदा ऐकलं ते खोलीवरच्या छोट्या स्पीकरवर. आमचा सालदार वॉल्व्ह बदलून आला, ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "आप्पा, हाऊ म्हातारा काय समजाडी ऱ्हायना?" तो चोपड्याकडचा, अहिराणी बोलणारा, इंग्रजी त्याला येत नाही. मी त्याला थोडक्यात सांगितलं की वेळ कसा निघून जातो ते सांगतोय. तो ऐकत बसला, चहा केला, आणि काही वेळाने म्हणाला, "भलताच समजाडस." म्हणजे फारच समजावतो. मग झोपायला गेला.

माझं परीक्षण या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी उभं राहिलं. अल्बमच्या सुरुवातीला वॉटर्स १९७२ च्या 'फ्री फोर' या स्वतःच्याच गाण्याचे शब्द बोलतो. म्हातारपणी माणसाच्या आठवणी म्हणजे ऐन उमेदीत केलेली कृत्यं, अशा अर्थाचे. ते लिहिलं तेव्हा तो तिशीच्याही आत होता, आता बोलतो तेव्हा ८० वर्षांचा. तरुणाने अंदाजाने लिहिलेलं म्हाताऱ्याने तपासून बघावं, तसं ते ऐकू येतं. या एका गोष्टीसाठी मला हा अल्बम मोलाचा वाटतो आणि मी तसं ठामपणे लिहिलं. पण समजावून सांगणं सतत चालू राहतं. मूळ ४३ मिनिटांच्या अल्बममध्ये ऐकणाऱ्याला स्वतःचा विचार करायला मोकळ्या जागा होत्या, त्या या नव्यात शब्दांनी भरल्या आहेत. इथे जागा सोडणारं कोणी नाही. पट्टी उतरवली ते बरोबर केलं, उतरवलेल्या पट्टीत थांबला मात्र नाही, असं मी लिहिलं. एका वाचकाने मला कळवलं की तुम्हाला वॉटर्स कळलेलाच नाही. असेलही. मी ते परीक्षण आजही बदलणार नाही.

उलट गोष्टही असते. येसचा मूळ गायक जॉन अँडरसन याचा 'ट्रू' २०२४ च्या ऑगस्टमध्ये आला. वय ७९, आणि आवाज अजून तिथेच, त्याच उंचीवर. मी थक्क झालो. अशा आवाजाचं कौतुक करताना हात आखडता घ्यायचा नाही, मी घेतला नाही. पण सोबतची तरुण मंडळी जुन्या येसचा आवाज इतक्या निष्ठेने उभा करतात की सोळा मिनिटांच्या लांब गाण्यातही मला पुढे काय येणार हे कळत होतं. आवाज नवतीचा, बागही नवतीची, पण साल दुसरं. मला त्याला या वयाची एखादी ओळ म्हणताना ऐकायचं होतं. डीप पर्पलचा त्याच वर्षीच्या जुलैमधला अल्बम मात्र सरळ, जोमदार आहे, त्यांचा गायक इयन गिलन आता किंचाळत नाही आणि गाणी त्याला किंचाळायला लावतही नाहीत. त्यावर लिहायला मला तीन दिवस पुरले.

पिंक फ्लॉइडचा गिटारवाला डेव्हिड गिलमोर याच्या 'लक अँड स्ट्रेंज'ला महिना लागला. सप्टेंबर २०२४ मधला हा अल्बम. त्याचं शीर्षकगीत २००७ मध्ये त्याच्या घरच्या कोठारात चार मित्रांनी सहज वाजवलेल्या तुकड्यावर उभं आहे, आणि त्या तुकड्यात पिंक फ्लॉइडमधल्याच रिचर्ड राइटचे कीबोर्ड आहेत. राइट २००८ मध्ये गेला. म्हणजे ७८ वर्षांचा गिलमोर सतरा वर्षांपूर्वीच्या मित्रासोबत वाजवतो आहे. अशा ठिकाणी परीक्षण लिहिणाऱ्याची मोठी परीक्षा असते. भावना इतकी तयार असते की ऐकायची गरजच वाटत नाही. मी ती माहिती बाजूला ठेवून नुसता कीबोर्ड ऐकायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग अल्बमच्या काही प्रतींवर जोडलेला तो मूळ तुकडा, जवळपास १४ मिनिटांचा, वेगळा ऐकला. तिथे राइट फार थोडं वाजवतो. गिटारची ओळ संपत आली की दोन सुर ठेवतो आणि बाजूला होतो. पुढे कोणी त्यावर गाणं रचेल, तो स्वतः तेव्हा नसेल, यातलं काही त्याला माहीत नव्हतं. तरीही सतरा वर्षांनी गाणाऱ्याला पुरेल एवढी जागा तिथे होती. मी परीक्षणात या दोन सुरांबद्दल दीड परिच्छेद लिहिला आणि मैत्रीबद्दल एक वाक्य. त्याच अल्बममध्ये गिलमोरची मुलगी रोमनी एक गाणं गाते, आणि मला ते अल्बममधलं सगळ्यात ताजं गाणं वाटलं, हेही लिहिलं.

२०२५ च्या मार्चमध्ये जेथ्रो टलचा 'क्युरिअस रुमिनंट' आला. मी संपादकबाईंना आपण होऊन फोन केला की हा मी करतो. इयन अँडरसन तेव्हा ७७ वर्षांचा. खान्देशात मार्च म्हणजे उन्हाची सुरुवात, केळीला पाणी जास्त लागतं, रात्रपाळीत वॉल्व्ह जास्त वेळा बदलावे लागतात. अल्बम तुकड्यातुकड्यांत ऐकावा लागला. शेवटाकडे एक गाणं जवळपास १७ मिनिटांचं आहे. ते मात्र मी सलग ऐकायचं ठरवलं आणि एक रात्र सालदाराला सांगून ठेवलं की अर्धा तास मला हाक मारू नको.

बासरीचे तुकडे अजूनही आखूड आहेत. तीन वर्षांपूर्वीच्यापेक्षा जास्तच, मला वाटलं. पण आता त्यांचा आखूडपणा धरूनच चाल बांधली आहे. बासरी एक प्रश्न विचारल्यासारखा तुकडा टाकते, थांबते, बाकीची वाद्यं तो उचलून थोडा लांब नेतात आणि पुन्हा तिच्या हातात देतात. एका ठिकाणी देवाणघेवाण इतकी जुळून येते की बासरी कुठे थांबली हे मला तिसऱ्यांदा ऐकताना सापडलं. वहीत मी मिनिट-सेकंद लिहिले आणि पुढे 'पखवाज' एवढा एकच शब्द लिहिला. सगळंच जमलेलं नाही. गाण्याच्या मधल्या भागात शब्द पुन्हा दाटतात आणि तिथे त्याची ओढाताण स्पष्ट ऐकू येते. तेही लिहिलं, वेळेसकट.

लेख पाठवला त्याच्या चौथ्या दिवशी संपादकबाईंचा फोन आला. दुपारची वेळ, मी घडांना पट्ट्या बांधत होतो. त्यांनी विचारलं, "दादा, 'बासरीचे तुकडे आणखी आखूड झाले आहेत' हे वाक्य ठेवायचं का? गेल्या वेळचं आठवतं ना."

"ठेवा," मी म्हटलं. "आणि त्याच्या पुढचं वाक्य त्याला जोडूनच ठेवा, नवीन परिच्छेद करू नका."

त्यांनी ते पुढचं वाक्य फोनवर मला वाचून दाखवलं, बाकीच्या वाद्यांनी जागा कुठे आणि कशी सोडली आहे ते सांगणारं, आणि मिनिट-सेकंद बरोबर आहेत का ते विचारलं. मी वही खोलीवर होती म्हणून थांबायला सांगितलं, पट्टीची गाठ मारली आणि बघायला गेलो.